मत्स्यगुणनियमनातील पंक्तिप्रपंच

१

मुंबईच्या ससून गोदीत पहाटे बोटी लागतात आणि त्यांतून उतरणाऱ्या मासळीचे थोड्याच वेळात दोन भाग पडतात. कोळंबी, माकूल आणि काही निवडक मासळी यांचा एक वाटा बर्फ घातलेल्या पेट्यांतून प्रक्रियागृहांकडे रवाना होतो. दुसरा पाट्यांतून आणि टेम्पोंतून शहरातील बाजारांची वाट धरतो. समुद्र एक, जाळे एक, तांडेल आणि खलाशी तेच. परंतु या क्षणापासून त्या दोन वाट्यांवर चालणारे कायद्याचे राज्य मात्र भिन्न होते. पहिल्या वाट्याला पाण्याची तपासणी, भिंतींची व फरशीची प्रत, कामगारांच्या आरोग्याची नोंद, तापमानाची नोंदवही आणि प्रयोगशाळेचा दाखला असे सर्व सोपस्कार प्राप्त होतात. दुसऱ्या वाट्याचे भवितव्य मुख्यतः विकणारीच्या सचोटीवर आणि घेणाऱ्याच्या नजरेवर सोपविलेले असते.

एकाच पंक्तीस बसलेल्या माणसांना वाढताना जो भेदभाव केला जातो त्याला मराठीत पंक्तिप्रपंच म्हणतात. भारतातील मत्स्यगुणनियमनाचा इतिहास पाहता हाच शब्द त्यास अन्वर्थक ठरतो. येथील मानकांची घडण माशाच्या प्रकृतीवरून अथवा खाणाऱ्याच्या गरजेवरून झालेली नसून, मासा कोणत्या सीमेपलीकडे जावयाचा आहे यावरून झालेली आहे. त्यामुळे परदेशी ग्राहकाकरिता सिद्ध झालेले नियमन पुष्कळदा प्रमाणाबाहेर काटेकोर आणि देशी ग्राहकाकरिता असलेले नियमन नेमके हवे तेथे मुके, असा दुहेरी दोष उत्पन्न झाला आहे. या दोषाची चिकित्सा करणे आणि त्याचे मूळ संबंधित कायद्यांच्या रचनेतच कसे आहे हे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२

कोणत्याही कायद्याचा अभिप्राय जाणून घ्यावयाचा तर त्याचे उद्देशवाक्य प्रथम पाहावे. निर्यातमालाच्या गुणनियंत्रणाचा व निरीक्षणाचा कायदा १९६३ साली संमत झाला. गुणनियंत्रण आणि निरीक्षण यांच्या द्वारे भारताच्या निर्यातव्यापाराचा सुदृढ विकास साधणे, असा त्याचा उद्देश त्याच्या आरंभीच नमूद केलेला आहे. या वाक्यात व्यापार आहे, विकास आहे. आरोग्य हा शब्द नाही. गुण हे येथे साध्य नसून साधन आहे. याच कायद्यान्वये निर्यात निरीक्षण परिषद स्थापन झाली, आणि गोठविलेल्या कोळंबीसारखा माल जहाजावर चढण्यापूर्वी तपासण्याची सक्ती पुढे तिच्याच द्वारे आली. कोचीन येथे १९५७ साली सुरू झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने या कार्यास शास्त्रीय बैठक दिली. १९७२ च्या कायद्याने सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. अशा रीतीने परदेशी जाणाऱ्या माशाभोवती कायदा, संशोधन आणि प्रशासन अशी तिहेरी तटबंदी उभी राहिली.

देशात राहणाऱ्या माशाकरिता स्वतंत्र अशी कोणतीही तटबंदी नव्हती. तो १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या सर्वसाधारण छत्राखाली दूध, तूप, हळद आणि मिरची यांच्या शेजारी उभा होता. हा कायदा ज्या कल्पनेवर उभारलेला होता ती भेसळीची कल्पना होय. म्हणजे शुद्ध वस्तूत हीन वस्तू मिसळून ग्राहकास फसविणे. दुधात पाणी घातले किंवा हळदीत रंग मिसळला तर ही कल्पना चपखल बसते. परंतु मासा बिघडतो तो बहुधा कोणी त्यात काही मिसळल्यामुळे नव्हे. तो बिघडतो कालामुळे आणि उष्णतेमुळे. वेळेवर बर्फ न मिळालेल्या बांगड्यात भेसळ कोठेच नसते, तरीही तो अपायकारक होऊ शकतो. जो कायदा गुन्हेगाराच्या शोधात निघालेला असतो, त्याला जेथे गुन्हेगार नसून केवळ हेळसांड आहे तेथे काय करावे ते सुचत नाही. १९५४ च्या कायद्याची माशांच्या बाबतीतील मर्यादा ही अशी मूलगामी होती.

२००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने ही जुनी चौकट मोडली. खाण्यासाठी सुरक्षित व आरोग्यदायी अन्न उपलब्ध करून देणे हे ध्येय त्याने पुढे ठेवले आणि ‘भेसळ’ या शब्दाच्या जागी ‘सुरक्षितता’ हा शब्द आणला. त्याखालील २०११ च्या विनियमांत मासे आणि मत्स्यपदार्थ यांकरिता स्वतंत्र मानकेही घातली गेली. तेव्हा, देशी ग्राहकाकरिता आज कागदावर काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न निराळा आहे. ही मानके ज्या माशाला डोळ्यांपुढे ठेवून रचिली, तो मासा बहुतांशी गोठविलेला, डबाबंद केलेला अथवा वाळविलेला, म्हणजे कारखान्याच्या दारातून बाहेर पडणारा आहे. भारतीय बाजारातील नित्याचा मासा मात्र कोणत्याही कारखान्याच्या दारातून जात नाही. तो किनाऱ्यावरील लिलावातून दलालाकडे, दलालाकडून टेम्पोत आणि टेम्पोतून पाटीत जातो. मानक आणि मासा यांची गाठ या वाटेवर क्वचितच पडते.

३

निर्यातीच्या बाजूस जे घडले ते मोठे शिक्षणप्रद आहे. युरोपीय आर्थिक समुदायाने १९९१ साली मत्स्यपदार्थांच्या आरोग्यविषयक अटींचा एक निर्देश काढला. त्यातील मुख्य तत्त्व असे, की बाहेरून येणारा माल समुदायातील मालास लागू असलेल्या अटींच्या तोडीच्या अटी पाळून तयार झालेला असावा, आणि त्याची हमी निर्यातदार देशाच्या सक्षम अधिसत्तेने द्यावी. त्यास अनुसरून भारत सरकारने ऑगस्ट १९९५ मध्ये मत्स्यपदार्थांच्या निर्यातीसाठी नवे नियम जारी केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मत्स्यप्रक्रियेसाठी ‘हॅसप’ पद्धती, म्हणजे धोक्याचे विश्लेषण करून निर्णायक बिंदूंवर नियंत्रण ठेवण्याची पद्धती, अनिवार्य केल्याचे प्रसिद्ध केले. १८ डिसेंबर १९९७ पासून ती अंमलात आली. या दोन घटनांच्या दरम्यान, १९९७ च्या ऑगस्टमध्ये, युरोपीय आयोगाने भारतीय मत्स्यपदार्थांच्या आयातीवर बंदी घातली. मालात रोगजंतू आढळणे आणि प्रक्रियागृहांतील स्वच्छतेवर देखरेख अपुरी असणे ही तिची कारणे होती. वर्ष संपण्याच्या सुमारास मान्यताप्राप्त प्रक्रियागृहांपुरती ती बंदी उठली.

या आघातातून जे निष्पन्न झाले त्याचे श्रेय नाकारता येत नाही. तोवरचे निरीक्षण तयार मालाच्या नमुन्यावर विसंबून होते. त्यानंतरचे निरीक्षण प्रक्रियेच्या प्रत्येक पायरीकडे वळले. नमुना तपासणे म्हणजे झालेली चूक शोधणे. पायरी तपासणे म्हणजे चूक होऊ न देणे. ‘हॅसप’ची कल्पना मूळची अमेरिकेतील अंतराळयात्रींच्या अन्नाकरिता निघालेली. अंतराळात गेलेल्या माणसाचे अन्न बिघडले तर उपाय नाही, म्हणून ते बिघडण्याची शक्यताच प्रत्येक टप्प्यावर छाटली पाहिजे, हा तिचा गाभा आहे. नाशवंत माशाला ही कल्पना जितकी लागू पडते तितकी फार थोड्या पदार्थांना पडत असेल. पाणी, बर्फ, हात, चाकू, फरशी आणि तापमान यांचा माशाशी येणारा प्रत्येक संबंध नोंदविण्याची शिस्त भारतीय प्रक्रियागृहांना लागली, हा निःसंशय लाभ होय.

परंतु या लाभाची किंमत कोणी दिली हेही पाहिले पाहिजे. पूर्वी कोळंबी सोलण्याचे काम किनाऱ्यावरील स्वतंत्र शेडांतून, काही ठिकाणी घरांच्या अंगणांतूनही होत असे, आणि ते बहुतांशी स्त्रियांच्या हातचे होते. नव्या नियमांनी ही पायरी मान्यताप्राप्त इमारतींच्या आत आणली. आरोग्यदृष्ट्या हा निर्णय समर्थनीय होता. पण त्याच्या पूर्ततेस लागणारे भांडवल मोठ्या कारखानदारास उभे करता आले, लहान शेडमालकास आले नाही. सोलणाऱ्या स्त्रियांना तर त्यात पर्यायच नव्हता. एक तर कारखान्याच्या वेळापत्रकात शिरावे, नाही तर काम सोडावे. गुणवत्तेचा खर्च ज्यांच्याकडून वसूल झाला आणि गुणवत्तेचा नफा ज्यांच्या पदरी पडला, ते दोन वर्ग निरनिराळे होते. नियमनाची चर्चा करताना स्वच्छतेचे नियम हे निव्वळ शास्त्रीय असतात आणि त्यांना सामाजिक परिणाम नसतात, असे गृहीत धरले जाते. ते गृहीत किती कच्चे आहे, हे येथे स्पष्ट होते.

दुसरा आक्षेप मानकांच्या तात्त्विक स्वरूपाविषयीचा आहे. कोळंबीच्या शेतीत वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या औषधांस अन्नोत्पादनात पूर्ण मज्जाव आहे. मज्जाव असलेल्या द्रव्याची ‘सुरक्षित मात्रा’ ठरविता येत नाही. म्हणून युरोपीय संघाने प्रयोगशाळेने किमान किती सूक्ष्म प्रमाण ओळखले पाहिजे याची रेषा आखली. क्लोरॅम्फेनिकॉलकरिता ती किलोमागे ०.३ मायक्रोग्रॅम होती; नोव्हेंबर २०२२ पासून ती ०.१५ वर आली. ही रेषा कोठे आखावयाची, हे प्रामुख्याने यंत्राच्या दृष्टीने ठरते. यंत्र अधिक तीक्ष्ण झाले की काल निर्दोष असलेला माल आज सदोष ठरू शकतो. मालात मात्र तिळमात्र बदल झालेला नसतो. या औषधांचा वापर थांबलाच पाहिजे याविषयी दुमत नाही. परंतु ज्या मानकाचा पाया अपायाच्या मापनाऐवजी उपकरणाच्या कुवतीवर आहे, ते मानक व्यापारातील बलवंताच्या हाती सोयीचे शस्त्र बनण्याचा धोका नेहमीच असतो. २०१६ साली युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या शेतीच्या कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण शेकडा १० वरून शेकडा ५० वर नेले, तेव्हा निर्यातदारांना त्याची जाणीव झालीच असेल.

४

आता देशी पंक्तीकडे वळावे. २०२२-२३ या वर्षी भारताचे एकूण मत्स्योत्पादन सुमारे १७५ लक्ष टन होते आणि निर्यात सुमारे १७.३५ लक्ष टन. निर्यातीचे वजन सोललेल्या व साफ केलेल्या मालाचे असते, ताज्या माशाचे नव्हे. तेव्हा या दोन आकड्यांची तंतोतंत तुलना करता येत नाही. तथापि मासळीचा फार मोठा हिस्सा देशातच राहतो, एवढे अनुमान निर्विवाद आहे. म्हणजे तिहेरी तटबंदी लहान वाट्याभोवती आहे आणि मोठा वाटा उघड्यावर आहे.

हा उघडेपणा केवळ अंमलबजावणीच्या ढिलाईचा नव्हे. कायद्याच्या शब्दांतच त्याची सोय आहे. २००६ च्या कायद्याच्या १८ व्या कलमातील तिसऱ्या पोटकलमाने शेतकरी आणि मच्छीमार यांना, त्यांच्या शेतीच्या व मासेमारीच्या व्यवहारापुरते, कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. या सवलतीमागील करुणा समजण्यासारखी आहे. होडीवर पोट भरणाऱ्या माणसामागे निरीक्षकाचा ससेमिरा लावणे कोणालाही रुचणार नाही. धान्याच्या बाबतीत ही सवलत फारशी बाधकही नाही. गहू शेतात असताना धोका अल्प असतो आणि पुढे कोठारात तो तपासता येतो. माशाची गोष्ट नेमकी उलट आहे. त्याच्या गुणवत्तेचा निकाल पहिल्या काही तासांत, बोटीवरच, लागतो. कायदा जेथे सुरू होतो तेथे माशाचे भवितव्य बहुधा ठरून गेलेले असते. धान्यासाठी आखलेली सीमारेषा माशालाही लावणे, हा या पोटकलमाचा दोष होय. शिवाय एका वल्ह्याच्या होडीचा मालक आणि अनेक यांत्रिक नौकांचा धनी यांच्यात तेथे काहीच भेद केलेला नाही. करुणा पहिल्याच्या नावाने आणि लाभ दुसऱ्याच्या पदरी, असे त्यातून घडू शकते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण हिस्टामीनचे आहे. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या जातींच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य विपुल असते. मासा मेल्यावर तो उष्ण राहिला, तर जंतू त्या द्रव्याचे हिस्टामीनमध्ये रूपांतर करतात. त्याचे प्रमाण वाढले की खाणाऱ्यास अंगावर लाली, डोकेदुखी, उलट्या, धडधड असा त्रास होतो. एकदा तयार झालेले हिस्टामीन शिजविल्याने, तळल्याने, गोठविल्याने वा डब्यात बंद केल्याने नष्ट होत नाही. आणि त्याचा वास येईलच असेही नाही. म्हणून त्यावर उपाय एकच, तो म्हणजे मासा मरताच त्यास थंड करणे. अमेरिकेच्या मार्गदर्शिकेत, पाणी वा हवा २८.३ अंश सेल्सिअसहून उष्ण असेल तर मासा मेल्यापासून अधिकात अधिक सहा तासांच्या आत बर्फात गेला पाहिजे, असे सांगितले आहे. अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत या मर्यादेच्या वर जाते. युरोपीय नियमांत हिस्टामीनसाठी एका खेपेतून नऊ नमुने घेण्याची तरतूद आहे. निर्यातीच्या खेपेला हे नऊ नमुने लाभतात. जी बांगड्याची रास मंडईत सकाळी दहा वाजता उन्हात असते, तिच्या वाट्याला एकही येत नाही. आणि आला तरी तो उशिरा आलेला असतो, कारण जे व्हावयाचे ते समुद्रावरच होऊन गेलेले असते.

५

देशी नियमनाची ही पोकळी २०१८ साली सर्वांसमोर आली. त्या वर्षाच्या जूनमध्ये केरळात फॉर्मालिन लावलेल्या मासळीचे साठे पकडले गेले आणि जुलैत मडगावच्या घाऊक मासळी बाजारातील तपासणीवरून गोव्यात मोठे वादळ उठले. प्राथमिक चाचणीत फॉर्मालिनचा अंश आढळल्याची वार्ता पसरली आणि लगोलग, प्रयोगशाळेच्या तपासणीत ते प्रमाण मर्यादेत असल्याचा खुलासा आला. लोकांनी विचारले, की जे द्रव्य अन्न टिकविण्यासाठी वापरण्यास बंदीच आहे त्याची ‘मर्यादा’ कोणती? प्रश्न बिनतोड होता. माशात निसर्गतः आढळणाऱ्या फॉर्माल्डिहाइडची कोणतीही मर्यादा त्या वेळी देशात निश्चित केलेली नव्हती. जे मानक अस्तित्वात नव्हते, त्याच्या आधारे निर्वाळा दिला गेला होता.

तथापि लोकांचाही समज पुरता बरोबर नव्हता. आणि येथे शास्त्राचे साहाय्य घेतल्याविना गत्यंतर नाही. समुद्री माशांच्या शरीरात ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड हे द्रव्य असते. मासा मेल्यावर काही जातींत त्याचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड आपोआप तयार होते. ही प्रवृत्ती ज्या जातींत विशेष दिसते त्यांत कोकण किनाऱ्याचा लाडका बोंबील आहे. डोलीच्या जाळ्यात सापडलेला, कोणी काहीही न लावलेला बोंबील काही काळ बर्फात राहिला तरी चाचणीस तो दोषी दिसू शकतो. याउलट एखाद्या पापलेटात तेवढेच प्रमाण आढळले, तर तेथे मानवी हाताचा संशय घेणे योग्य ठरेल. म्हणजे एकच आकडा एका माशात निर्दोषत्वाचा आणि दुसऱ्यात अपराधाचा पुरावा होऊ शकतो. मानक जातिपरत्वे असले पाहिजे, हा धडा यातून मिळतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ साली माशांचे गट पाडून निसर्गतः आढळणाऱ्या फॉर्माल्डिहाइडच्या गटागणिक मर्यादा घातल्या. तत्त्व अखेर मान्य झाले; परंतु ते मान्य होण्यासाठी आधी वादळ उठावे लागले. निर्यातीसाठी चाललेल्या अनेक दशकांच्या संशोधनानंतरही, स्वदेशी ताटातील बोंबलासंबंधी आकडा निश्चित करण्याची निकड १९५४ पासून २०१८ पर्यंत कोणास भासली नाही, हीच या इतिहासातील मर्माची गोष्ट होय.

शासनाने त्या वेळी योजलेला उपायही लक्षात घेण्यासारखा आहे. गोव्यात परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर प्रथम पंधरा दिवसांची बंदी आली आणि त्याच वर्षी पुढे, येणाऱ्या वाहनांस उष्णतारोधक पेटारा व व्यापाऱ्यांस नोंदणी यांची अट पडली. गोव्याच्या बाजारावर अवलंबून असलेल्या सिंधुदुर्गातील लहान विक्रेत्यांनाही तिची झळ पोचली. उष्णतारोधक वाहनाची अट माशाच्या हिताचीच होती. पण ती सीमेवर, बाहेरून येणाऱ्यांस लागू झाली. मालवणहून दोन-तीन तासांत येणारी मासळी आणि पूर्व किनाऱ्यावरून अख्खा द्वीपकल्प ओलांडून येणारी मासळी यांत काल व उष्णता यांच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे; सीमेला तो दिसत नाही. युरोपच्या सीमेवरून शिकलेला धडा येथे राज्याच्या सीमेवर गिरविला गेला. बंदी घालण्याची युक्ती तेवढी उचलली गेली. पायरीपायरीने जपण्याची शिस्त मागेच राहिली.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. देशी बाजार आणि निर्यात यांच्या गरजाच भिन्न आहेत, असे म्हणता येईल. निर्यातीचा मासा महिनोन्‌महिने टिकवावा लागतो. येथला मासा सकाळी घेऊन दुपारी शिजतो. परदेशी ग्राहकास विक्रेता दिसत नाही, म्हणून त्याला कागद लागतो. येथला ग्राहक कोळणीसमोर उभा राहून कल्ले उचलून पाहतो, डोळे पाहतो, बोटाने दाबून पाहतो. त्याला प्रमाणपत्राची गरज काय? शिवाय मानकांचा बडगा आला, तर वरील शेडमालकांप्रमाणे पाटीवालीचाही बळी जाईल.

आक्षेपाचा पहिला भाग एके काळी खरा होता. गावच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी गावातच संपत असे, तेव्हा काल आणि अंतर हेच ग्राहकाचे रक्षक होते. आज आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवरील मासळी गोव्याच्या आणि मुंबईच्या बाजारांत येते. अंतर वाढले, हात वाढले, आणि डोळ्यांची परीक्षा मात्र तेवढीच राहिली. ती परीक्षा कमी प्रतीची आहे असे मुळीच नाही. युरोपीय समुदायाच्या १९९६ च्या विनियमात ताज्या माशाच्या श्रेणी ठरविल्या आहेत. त्या डोळ्यांची चमक, कल्ल्यांचा रंग, त्वचेची झळाळी, वास आणि मांसाचा घट्टपणा यांवरूनच. म्हणजे कोळीवाड्यातील बाई पिढ्यान्‌पिढ्या ज्या खुणा वाचीत आली, त्याच खुणा तेथे तक्त्यात मांडून विधिनियमाच्या पदवीस पोचविल्या आहेत. येथे त्या ज्ञानाला कोणतीही पदवी लाभली नाही. ते विक्रीचे कौशल्य म्हणून राहिले, मानक झाले नाही. हे ज्ञान कुजलेला मासा ओळखते. हिस्टामीन, प्रतिजैविकांचा अंश किंवा पाऱ्यासारखी जड धातूंची मात्रा ते ओळखू शकत नाही. जे नजरेस दिसते ते कोळणीने पाहावे आणि जे दिसत नाही ते शासनाने, अशी ही श्रमविभागणी आहे. तिच्यातील पहिल्या भागीदाराने आपले काम चोख केले आहे. उणीव दुसऱ्याची आहे.

आक्षेपाचा दुसरा भाग अधिक गंभीर आहे. देशी नियमन म्हणजे निर्यातीच्या नियमांची नक्कल, असा अर्थ घेतला तर पाटीवालीचा बळी अटळ आहे. २००६ च्या कायद्याच्या ३१ व्या कलमाने किरकोळ व फिरत्या विक्रेत्यांना परवान्यातून सूट देऊन केवळ नोंदणीस बांधले, हे शहाणपणाचे झाले. पण या व्यवस्थेतही विसंगती आहेच. समुद्रावरील नौका कायद्याबाहेर, आणि साखळीच्या अगदी शेवटी असलेली, जिच्या हातात मासा चार-सहा तासच राहतो ती विक्रेती नोंदणीखाली. माशाची प्रत जेथे ठरते तेथे मोकळीक आणि जेथे ती ठरून गेलेली असते तेथे बंधन, हा क्रम उलटा लावल्याशिवाय नियमन न्याय्यही होणार नाही आणि उपयुक्तही होणार नाही.

७

वरील चर्चेतून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की मत्स्यगुणनियमनाचा आरंभबिंदू लिलावाच्या ओट्यावरून बोटीवर नेला पाहिजे. तेथे दंडाची भाषा कामाची नाही. वितळत्या बर्फाचे तापमान शून्य अंश सेल्सिअस असते, आणि माशासाठी याहून सुलभ, स्वस्त व विश्वसनीय असे मानक निसर्गाने दुसरे दिलेले नाही. पिण्यायोग्य पाण्याचा पुरेसा बर्फ प्रत्येक बंदरावर परवडणाऱ्या दराने मिळेल, याची जबाबदारी शासनाने घेतली आणि मोठ्या यांत्रिक नौकांपुरती बर्फाची सक्ती केली, तर १८ व्या कलमातील करुणाही अबाधित राहील आणि तिची फटही बुजेल. दुसरा निष्कर्ष असा, की मानके जातिपरत्वे असली पाहिजेत. बोंबील, बांगडा आणि पापलेट यांना एका मापाने मोजणे हा शास्त्रदृष्ट्या प्रमाद आणि न्यायदृष्ट्या अन्याय आहे. तिसरा असा, की गुणवत्तेचा खर्च कोणी सोसावा हा प्रश्न मानकांच्या तक्त्याबाहेरचा मानता कामा नये. ज्या नियमाच्या पूर्ततेस भांडवल लागते, त्या नियमाबरोबर त्या भांडवलाची सोय सांगितलेली नसेल, तर तो नियम आरोग्याच्या नावाने बाजारातील दुर्बळांस बाहेर काढण्याचेच काम करतो.

१९९७ च्या बंदीने भारतीय मत्स्यव्यवसायास जे शिकविले ते मौल्यवान होते. पण तो धडा परक्याच्या तगाद्याने घेतलेला होता. स्वतःच्या नागरिकाच्या ताटाकरिता तोच धडा आपण होऊन घेणे, यात कोणत्याही आयोगाची आज्ञा लागत नाही. ससून गोदीतील दोन वाटे यापुढेही वेगळ्या दिशांनी जातील; व्यापाराचा तो स्वभाव आहे. मात्र पहिल्या सहा तासांत दोघांनाही सारखाच बर्फ मिळाला, तर पंक्तीतला भेद निम्म्याहून अधिक तेथेच मिटेल. उरलेला मिटविण्यासाठी, देशी ग्राहक हा दुय्यम ग्राहक नव्हे, एवढी एक गोष्ट नियम रचणाऱ्यांनी मनाशी ठरविली पाहिजे.